परक्या भाषेतले आपले गाणे
(रेमो फर्नांडिस यांच्या गीतलेखनाचा व गायनाचा एक विचार)

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वित धर्मगुरूंचे ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. एका परदेशी माणसाने आपल्या भाषेचे सौंदर्य ओळखले, तिच्यातील ओवीला आपलेसे केले आणि ख्रिस्तकथा मराठीत गायिली. पुढे पावणेचारशे वर्षांच्या आत याच गोव्यातील एका ख्रिस्ती तरुणाने नेमके उलटे केले. गोव्याची हवा, गोव्याची माणसे, गोव्याच्या तक्रारी आणि गोव्याचे हसू त्याने इंग्रजी भाषेत गायिले. त्या तरुणाचे नाव रेमो फर्नांडिस. पहिली घटना आपल्या वाङ्मयेतिहासात मानाचे स्थान मिळवून बसली आहे. दुसरीकडे आपण अद्याप करमणूक म्हणूनच पाहतो. लग्नाच्या मंडपात त्यांची गाणी वाजतात, पाय ताल धरतात आणि तेवढ्यावर आपला त्यांच्याशी असलेला संबंध संपतो.

रेमो यांच्या कामगिरीचा गंभीरपणे विचार करावा असे वाटण्याचे कारण केवळ ते आपले धर्मबंधू आहेत हे नाही. भाषा परकी असली तरी गाणे आपले असू शकते काय, आणि भाषा आपली असूनही गाणे परके होऊ शकते काय, हे दोन प्रश्न त्यांच्या कारकिर्दीने आपल्यापुढे ठेवले आहेत. वसईच्या ख्रिस्ती समाजालाही हे प्रश्न टाळता येण्यासारखे नाहीत. आपण प्रार्थना मराठीत करतो, घरात सामवेदी, वाडवळी किंवा कोळी बोली बोलतो, मुलांना इंग्रजी शाळेत पाठवतो आणि लग्नात हिंदी चित्रपटगीतांवर नाचतो. यांपैकी आपले गाणे कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपण क्षणभर थांबू.

गोव्याचा संगीतवारसा

कोणताही कलावंत शून्यातून जन्मत नाही. रेमो यांचे गाणे समजून घ्यायचे तर गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या संगीतपरंपरेकडे आधी पाहिले पाहिजे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून गावोगावची मुले स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. उपासनेसाठी घेतलेले हे शिक्षण उपासनेपुरते राहिले नाही. त्यातूनच पाश्चात्य स्वरमेळ आणि कोकणी शब्द यांचा संगम होऊन मांडो जन्माला आला. मांडो संथ, हुरहूर लावणारा, प्रेम आणि विरह यांत रमणारा. त्याच्या पाठोपाठ येते ते दुलपद. त्याची चाल जलद, विषय रोजच्या जगण्यातले. शेजाऱ्यापाजाऱ्यांची थट्टा, गावातल्या भानगडी, अधिकाऱ्यांचा तोरा हे सारे दुलपदात खपून जाते. या गाण्यांना साथ असते घुमटाची. मातीचे मडके आणि त्याच्या तोंडावर ताणलेले कातडे एवढेच ते वाद्य. गोव्यातील हिंदू बांधवांच्या आरतीलाही तेच, आणि साष्टी-वसई भागातील जुन्या ख्रिस्ती लग्नघरांनाही ते अनोळखी नाही.

दुसरा वारसा तियात्राचा. तियात्र हे गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे संगीतमय लोकनाट्य. पण त्याचा जन्म गोव्यात न होता १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पोटासाठी मुंबईस आलेल्या गोवेकरांनी ते उभे केले. तियात्रातील ‘कांतार’ म्हणजे गाणे. कथानकाशी संबंध नसलेली, राजकारण्यांवर आणि समाजातील ढोंगावर आसूड ओढणारी कांतारे हा तियात्राचा प्राण. आल्फ्रेड रोज यांच्यासारख्या कवी-गायकांनी ती घराघरांत पोचवली. ख्रिस पेरी यांनी जॅझचा बाज कोकणीत आणला आणि लोर्ना यांच्या आवाजाने त्या गाण्यांना अमरत्व दिले.

तिसरा वारसा अनामिकतेचा. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात मुंबईच्या वाद्यवृंदांतील व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांवर बहुतांशी गोमंतकीय ख्रिस्ती बोटे फिरत होती. सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संगीत-संयोजक मोठमोठ्या संगीतकारांच्या चालींना स्वरमेळाचा साज चढवीत होते. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच दिसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. त्या गुरूचे नाव १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील एका गाण्यामुळे भारतभर दुमदुमले. पण ते एका विनोदी पात्राचे नाव म्हणून, आणि त्या नावामागे एक खरा संगीतगुरू आहे हे कित्येक वर्षे फार थोड्यांना ठाऊक होते. दुसऱ्याच्या गाण्यात आपला सूर मिसळून स्वतः पडद्याआड राहणे हे गोमंतकीय वादकांचे भागधेय होते. रेमो यांनी ते झुगारून दिले आणि या परंपरेत स्वतःचे पाऊल टाकले ते येथे.

शिवोलीचे घर आणि चार ट्रॅकचे यंत्र

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीत झाला. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे पोर्तुगीज बालपण आणि भारतीय तारुण्य असे दुहेरी आयुष्य त्यांच्या वाट्याला आले. शालेय वयातच त्यांनी मित्रांसह बँड काढला. मुंबईच्या सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. पण वास्तुविशारद म्हणून स्थिर होण्याऐवजी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते खांद्यावर गिटार टाकून युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकले. वाटेत मिळेल त्या वाहनाने प्रवास करीत, गात, वाजवीत त्यांनी ती वर्षे घालवली आणि मग ते गोव्यास परत आले.

परत येणे महत्त्वाचे. त्या पिढीतील पुष्कळ गुणी तरुण गेले ते गेलेच. रेमो यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकचे एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र मांडले. त्या काळी ध्वनिमुद्रणाचा सारा व्यवहार मुंबईच्या कंपन्यांच्या हाती होता आणि कंपन्यांचे सारे लक्ष चित्रपटगीतांवर. स्वतः लिहिलेली इंग्रजी गाणी गाणाऱ्या गोमंतकीय तरुणासाठी तेथे फारशी जागा नव्हती. अशा वेळी घरच्या घरी गाणे मुद्रित करणे हा एक निर्धार होता. या यंत्रावर काम करण्याची रीत समजून घेतली म्हणजे त्या निर्धाराची कल्पना येईल. आधी फितीच्या एका पट्टीवर ताल मुद्रित करायचा, मग फीत मागे नेऊन, तो ताल कानांत ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार, तिसरीवर बासरी, चौथीवर आवाज. एक चूक झाली की पुन्हा आरंभ. असा एकेक थर चढवीत त्यांनी सर्व वाद्ये स्वतः वाजवली, सर्व आवाज स्वतः दिले, गीते स्वतः लिहिली आणि वेष्टनही स्वतःच सजवले. १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट अशी तयार झाली. ती दुकानादुकानांत पोचवण्याचे कामही त्यांनीच केले. पिवळ्या स्कूटरवरून कॅसेट वाटत गोवाभर फिरणारे रेमो ही हकीकत गोव्यात आजही कौतुकाने सांगितली जाते.

समीक्षेच्या दृष्टीने या हकीकतीचा अर्थ असा की येथे कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नव्हता. काय गावे हे सांगणारा निर्माता नव्हता, काय खपते हे सांगणारा व्यापारी नव्हता. म्हणून या गाण्यांत जे आले ते गावातूनच आले. भारतीय माणसाने इंग्रजीत गाणे ही नवलाई नव्हती. हॉटेलांतील बँड वर्षानुवर्षे इंग्रजी गाणी गात होते. पण ती इंग्लंड-अमेरिकेची गाणी, जशीच्या तशी उतरवलेली. रेमो यांनी इंग्रजीत गोवा आणला. त्या सुमारास त्यांनी केलेल्या एका गाण्यात टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेल यांना उद्देशून आपल्या देशातील बंद पडलेल्या टेलिफोनची कैफियत मांडली आहे. ज्यांनी आठवड्याचे आठवडे मुक्या फोनपुढे बसून काढले आहेत त्यांना त्यातील विनोद समजावून सांगावा लागत नाही. या गाण्याची भाषा इंग्रजी असली तरी त्याची जात दुलपदाची आहे. आपल्या अडचणीवर आपणच हसायचे आणि हसता हसता जबाबदार माणसाला चिमटा काढायचा, ही दुलपदाची आणि कांताराची रीत रेमो यांनी गिटारवर उतरवली.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आले. यात त्यांनी गोव्याची जुनी लोकप्रिय गाणी नव्या वाद्यमेळात गायिली. आधुनिक म्हणवणारा गायक एवढ्या लवकर आजीच्या पेटीतील दागिने बाहेर काढतो हे अर्थपूर्ण आहे. जुने गाणे जपायचे म्हणजे ते काचेच्या कपाटात ठेवायचे असे त्यांनी मानले नाही. गाणे तोंडात राहिले तरच टिकते, ही त्यामागची जाण आहे. या दोन कॅसेट एकत्र ऐकाव्यात. पहिलीत परक्या भाषेत आपले जगणे आहे, दुसरीत आपल्या भाषेत परके वाद्य आहे. आणि दोन्हींत गाणारा माणूस एकच आहे, त्याची ओळख कोठेही दुभंगलेली नाही.

जमैका आणि गोवा

येथे एका दूरच्या बेटाकडे वळणे उपयोगी ठरेल. रेमो युरोपात भटकत होते त्या वर्षांत तेथे जमैकाचे रेगे संगीत सर्वत्र ऐकू येत होते. या संगीताची खूण त्याच्या तालात आहे. ज्या मात्रेवर आपण टाळी देऊ ती मोकळी सोडून गिटारचा आघात मधल्या जागी येतो, त्यामुळे साऱ्या गाण्याला एक डुलती, सावकाश चाल येते. हे संगीत जगभर नेले बॉब मार्ली यांनी. १९४५ साली जमैकातील एका खेड्यात जन्मलेला, राजधानी किंग्स्टनच्या गरीब वस्तीत वाढलेला हा गायक १९८१ साली अवघ्या ३६ व्या वर्षी कर्करोगाने मरण पावला. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे तो गाणे होता. बायबलमधील बाबिलोनचा बंदिवास आणि इजिप्तमधून इस्राएलची सुटका या कथा त्याने आपल्या लोकांच्या कथा म्हणून गायिल्या. १९७७ सालच्या त्याच्या गाजलेल्या गीतसंग्रहाचे नावच ‘एक्झोडस’, म्हणजे निर्गम, असे होते. मार्ली ज्या रास्ताफारी पंथाचा होता त्याची श्रद्धा आपल्याला मान्य होण्यासारखी नाही. हे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की मृत्यूच्या काही महिने आधी, १९८० मध्ये, त्याने इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला.

मार्ली आणि रेमो यांची उंची सारखी आहे असे सुचवण्याचा हेतू नाही. तुलना करायची ती भाषेपुरती. जमैकाची इंग्रजी ही मालकांची भाषा होती. मार्लीने आणि त्याच्या सोबत्यांनी ती आपल्या बेटाच्या उच्चारांत, आपल्या व्याकरणात वाकवली. लंडनच्या माणसाला ती ऐकताना कान टवकारावे लागले. परक्या भाषेवर मालकी सांगण्याचा हाच एक मार्ग असतो. रेमो यांनी हे काही अंशी केले. गोव्यातील बोलण्याची लय, तेथील थट्टेचा सूर त्यांच्या गाण्यांत येतो. पण पुष्कळदा त्यांची इंग्रजी शिकलेल्या माणसाची, स्वच्छ आणि सफाईदार राहते. रापण ओढणारा मच्छीमार, तियात्राला गर्दी करणारी बाई, परदेशी जहाजावरचा खलाशी हे त्यांच्या गाण्याचे विषय होऊ शकतात. त्या गाण्याचे श्रोते सहजासहजी होऊ शकत नाहीत. ही त्यांच्या कलेची एक मर्यादा आहे, आणि ती प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आल्फ्रेड रोज यांचे कांतार जेथे पोचले तेथे रेमो यांची इंग्रजी गीते पोचली नाहीत. उलट, आल्फ्रेड रोज यांना जे मुंबई-दिल्लीचे दरवाजे उघडले नाहीत ते रेमो यांना उघडले.

दुसरे साम्य सत्तेपुढे उभे राहण्यात आहे. १९७८ मध्ये किंग्स्टन येथे राजकीय रक्तपात चालू असताना मार्लीने एका जाहीर मैफलीत पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सीगा यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातांत दिले. हिंसा त्याने थांबली नाही, परंतु गायकाला असे करण्याचा अधिकार आहे हे जगाने पाहिले. रेमो यांच्या वाट्याला असा प्रसंग १९८६ साली आला. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी गोव्याच्या भेटीवर होते. स्वागताच्या कार्यक्रमात रेमो यांनी त्यांना नावाने हाक घालून, गोव्याचे प्रश्न थेट त्यांच्यापुढे मांडणारे इंग्रजी गाणे म्हटले. राजभाषेच्या प्रश्नावरून गोवा तेव्हा पेटलेला होता. या उद्धटपणाबद्दल स्थानिक पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी रेमो यांच्यावर टीकेची झोड उठवली. खुद्द पंतप्रधानांनी मात्र पत्र पाठवून आपल्याला गाणे आवडल्याचे कळवले आणि टीकाकार गप्प झाले. पुढे फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, देवनागरी कोकणी राजभाषा ठरली, मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. हे सारे एका गाण्याने घडले असे कोणी म्हणणार नाही. पण स्वागतगीत म्हणजे स्तुतिगीत हा आपल्या समारंभांतील संकेत त्या दिवशी मोडला गेला. आपल्याकडे बिशप, मंत्री किंवा आमदार आले की मुलींकडून जे स्वागतगीत म्हणवून घेतले जाते त्यात गावच्या विहिरीचा, रस्त्याचा किंवा दवाखान्याचा उल्लेख कधी असतो काय, याचा विचार करावा.

उपदेश आणि काव्य

१९८६ च्या ‘पॅक दॅट स्मॅक’ या संग्रहात रेमो यांनी मादक पदार्थांविरुद्ध आवाज उठवला. साठ-सत्तरच्या दशकांत हणजूण आणि कळंगुटच्या किनाऱ्यांवर परदेशी हिप्पी आले, त्यांच्याबरोबर गांजा आणि नंतर त्याहून घातक विषे आली. सुरुवातीस ते सारे परदेशी लोकांचे खूळ वाटले. पुढे गावातील मुले त्यात सापडली. येथे मार्ली आणि रेमो यांच्यातील एक मोठा फरक स्पष्ट होतो. रास्ताफारी पंथात गांजा हा उपासनेचा भाग मानला जातो. पाश्चात्य तरुणांनी रेगेबरोबर तो धूरही उचलला. रेमो यांनी त्या पिढीचे संगीत घेतले, केस वाढवले, भटकंती केली, पण गाण्यातून मादक पदार्थांना विरोध केला. आणि ज्या तरुणांना त्यांचे गाणे आवडत होते त्यांनाच त्यांनी ही गोष्ट सांगितली. चर्चच्या व्यासपीठावरून केलेला उपदेश ज्यांच्या कानांवरून जातो त्यांनी गिटारवरचा उपदेश ऐकला.

याचे मोल मान्य करूनही एक वाङ्मयीन आक्षेप घ्यावासा वाटतो. ही गाणी पुष्कळदा फलकावरील घोषणेसारखी होतात. त्यांत व्यसनी मुलगा दिसत नाही, त्याची आई दिसत नाही. दिसते ते फक्त व्यसन. ग्रॅहम बेलच्या गाण्यात जो खेळकर तिरकसपणा आहे, ज्यामुळे श्रोता स्वतःच अर्थापर्यंत पोचतो, तो येथे हरवतो. सदुद्देशाने लिहिलेल्या आपल्या कविता आणि एकांकिका यांना हाच दोष ग्रासून आहे. येशूने उपदेश केला तो दाखल्यांतून, पेरणारा, हरवलेले मेंढरू आणि उधळा मुलगा यांच्या गोष्टींतून. गोष्ट ऐकणाऱ्याला विचार करायला जागा देते. ही जागा रेमो यांच्या उत्तम गीतांत आहे आणि प्रचारगीतांत नाही.

चित्रपटाचे दार

१९८५ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या चित्रपटात रेमो गायले आणि पडद्यावरही दिसले. मुक्तीच्या उंबरठ्यावरील एका गोमंतकीय ख्रिस्ती घराण्याची ती कहाणी. लोटली येथील चित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. तेथे त्यांचे गाणे घराच्या कथेत मिसळून गेले होते. १९८७ च्या ‘जलवा’ने त्यांचे नाव हिंदी प्रेक्षकांपर्यंत नेले. १९९५ मध्ये मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’ची हिंदी आवृत्ती आणि १९९८ मध्ये ‘प्यार तो होना ही था’ या चित्रपटांतील गीतांनी ते घराघरांत पोचले. त्याच वर्षी त्यांचा ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी पॉप संग्रह आला आणि तोही गाजला.

लोकप्रियता हा दोष नव्हे. तरीही या काळातील त्यांची चित्रपटगीते ऐकताना असे जाणवते की आवाज रेमोंचा आहे, सांगणे दुसऱ्याचे आहे. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, प्रसंग दिग्दर्शकाचा. रेमो यांच्याकडून हवा होता तो फक्त गोव्याचा मसाला. चार ट्रॅकच्या यंत्रावर जो माणूस सर्व काही होता तो येथे एका रंगापुरता उरला. हिंदी चित्रपटाने ख्रिस्ती माणसाची जी प्रतिमा वर्षानुवर्षे विकली, तोंडात मोडके हिंदी, हातात बाटली, अंगात फुलाफुलांचा सदरा आणि सदैव नाच, तिच्याशी हा गोव्याचा रंग नकळत जुळून गेला. पहिल्या कॅसेटच्या नावातील ‘क्रेझी’ हा शब्द रेमो यांनी स्वतःवर हसण्यासाठी वापरला होता. स्वतःवर हसणे आणि दुसऱ्याने हसावे म्हणून उभे राहणे यांतील अंतर फार थोडे असते, आणि बाजार ते पुसून टाकतो. तरी रेमो यांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९९२ मध्ये, चित्रपटाचे दार उघडे असतानाच, त्यांनी राजकारण्यांची खिल्ली उडवणारा स्वतःचा इंग्रजी संग्रह काढला होता. पडद्यावरचे गाणे आणि स्वतःचे गाणे ही दोन कामे त्यांनी वेगळी ठेवली; एकासाठी दुसरे सोडले नाही. अँथनी गोन्साल्विस यांच्या पिढीला जी मोकळीक मिळाली नाही ती रेमो यांनी कमावली.

२००७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१३ च्या ‘डेव्हिड’ या चित्रपटात त्यांनी ‘मारिया पिताश’ हे जुने लोकगीत गायिले आणि साठीच्या उंबरठ्यावरील रेमो नव्या पिढीला नव्याने कळले. हे यश मला अधिक मोलाचे वाटते, कारण या वेळी चित्रपटाने गोव्याचे गाणे मागितले आणि रेमो यांनी आपल्या घरातील वस्तू तेथे नेली. २०२१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मदर तेरेसा यांच्या जीवनावर त्यांनी इंग्रजी संगीतिका रचली, हीही आपल्या वाचकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. नाचगाण्याचा म्हणून ज्याला ओळखले गेले त्या कलावंताला उतारवयात कोलकात्याच्या रस्त्यावरील त्या संतेची कथा सांगावीशी वाटली. सत्ताधाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या आणि व्यसनात सापडलेल्या मुलांविषयी तळमळणाऱ्या गायकाला मरणोन्मुख माणसाची सेवा करणारी स्त्री जवळची वाटावी यात मला विसंगती दिसत नाही.

वसईसाठी

या कारकिर्दीतून आपण काय घ्यावे? इंग्रजीत गावे हे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकभाषेला आणि प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत स्थान दिले. वसईने या संधीचे सोने केले. आमची मिस्सा मराठीत होते, आमच्या गायनमंडळांकडे मराठी भक्तिगीतांचा मोठा साठा आहे, आणि रेव्हरंड टिळकांची पदे पंथभेद विसरून आम्ही आपली मानली आहेत. देवाशी बोलण्याचे आमचे गाणे आहे. माणसांविषयी आणि माणसांशी बोलण्याचे गाणे मात्र क्षीण होत चालले आहे. लग्नघरातील बायकांची गाणी ज्यांना पाठ होती त्या पिढीतील थोड्याच उरल्या. त्यांची जागा भाड्याने आणलेल्या ध्वनिक्षेपकाने घेतली.

विषयांचा तर तोटा नाही. केळीच्या आणि फुलांच्या बागा, विहिरींचे गोडे पाणी उपसून नेणारे टँकर, नव्वदीच्या आरंभी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले हरित वसईचे आंदोलन, महानगरपालिकेत गावे असावीत की नसावीत हा वाद, पहाटेच्या विरार गाडीची गर्दी, निर्मळची जत्रा, आखाती देशांतून येणारे फोन. फादर दिब्रिटो २०२४ साली आपल्यातून गेले. त्यांनी हे विषय गद्यात समर्थपणे मांडले. पण त्या आंदोलनाचे, रस्त्यावर सगळ्यांच्या तोंडी असणारे आणि आजच्या मुलांनाही ठाऊक असलेले एखादे गाणे आपल्याजवळ आहे काय? चळवळ गद्यात लिहिली की ती वाचनालयात राहते. गाण्यात आली की स्वयंपाकघरात आणि शेतावर जाते. गोव्याच्या दुलपदांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावगप्पा जपल्या, त्या याच कारणाने.

चार ट्रॅकचे ते यंत्र आज संग्रहालयातील वस्तू झाली आहे. त्याहून कितीतरी अधिक ट्रॅक आपल्या प्रत्येक तरुणाच्या खिशातील फोनमध्ये आहेत. कॅसेट नाही, दुकान नाही, स्कूटरचीही गरज नाही. साधनांची अडचण संपली आहे. रेमो यांच्याजवळ साधने थोडी होती आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते. आपल्या गायनमंडळांतील मुलामुलींना स्वर वाचता येतात, गिटार आणि कीबोर्ड येतो, आवाज आहेत. त्यांना कोणी सामवेदीत, कोणी वाडवळीत, कोणी मराठीत आणि हवे तर इंग्रजीतही आपल्या गावाविषयी गाणे लिहायला सांगितले पाहिजे, आणि ते गाणे चर्चच्या आवारात, गावच्या सणाच्या रात्री, चित्रपटगीतांच्या आधी म्हटले गेले पाहिजे. त्यातील पुष्कळ गाणी सामान्य असतील. ‘गोअन क्रेझी’नंतर एका वर्षात रेमो यांना आजीच्या गाण्यांकडे वळावेसे वाटले. आपल्या मुलांनाही कदाचित तसे वाटेल, आणि तोवर ती गाणी सांगणारी एखादी आजी घरात असली म्हणजे झाले.